ज्यांची चाल त्यांच्या नावे

मी, खाली सही करणारा मनोहर दादाराव शंभरकर, वय वर्षं त्रेपन्न, व्यवसाय इंजिनिअर, मूळ गाव नागपूर, गेली एकोणीस वर्षं राहणार नोव्हाय, राज्य मिशिगन, माझ्या मागे काय कुणाला द्यायचं ते या कागदावर स्वतःच्या हातानं लिहून ठेवत आहे. चौदा एप्रिलला माझ्या हृदयाची बायपास ठरली आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही, तरी सगळी कामं उरकून या. माझं डोकं ठिकाणावर आहे. लिहिण्यासाठी कुणी माझ्यावर दबाव आणलेला नाही. तो कुणीतरी पूर्वीच आणायला हवा होता असं मात्र वाटतं.

कागद मराठीत आहे कारण यातल्या काही गोष्टी मला इंग्रजीत फार सहज सांगता येतात, आणि त्या तशा सहज सांगितल्या जाऊ नयेत. याचं इंग्रजी भाषांतर माझे शेजारी आणि मित्र श्री. राजीव देवधर करून देतील. दोन्हींत फरक पडला तर मराठी खरं धरावं.

कलम पहिलं. नोव्हायचं राहतं घर माझी पत्नी सुलेखा हिच्या एकटीच्या नावे व्हावं. तिनं ते विकावं की ठेवावं, याबद्दल कुणी तिला सल्ला देऊ नये. तळघरातल्या भिंतीला मी बाजारातून आणलेला जाड फोम लावला आहे, तो काढताना रंग निघेल. माझ्या फुंकण्याचा आवाज वर जाऊ नये म्हणून तो लावला, असं मी तिला सांगितलं होतं. खरं म्हणजे शेजारी राजीवच्या घरी जाऊ नये म्हणून लावला होता.

कलम दुसरं. निवृत्तीची आणि बँकेतली सगळी शिल्लक सुलेखाची आणि तिच्यानंतर आमची मुलगी सोनल हिची. सोनलचं कॉलेज ॲन आर्बरला चालू आहे. ते पूर्ण होईपर्यंत तिला फीसाठी आईकडे मागावं लागू नये, अशी तजवीज केली आहे.

कलम तिसरं. गॅरेजमधली हत्यारं टॉम डुग्गन याला द्यावीत. टॉम प्लंबर आहे, कॉन्सर्टिना वाजवतो. कॉन्सर्टिना म्हणजे दोन्ही हातांत मावणारी, भात्याची छोटी पेटी. माझे पाने त्याच्या पान्यांपेक्षा चांगले आहेत, हे त्यानं स्वतः कबूल केलेलं आहे. लोखंडी पकडीचा मोठा व्हाइस द्यायच्या आधी व्हाइसच्या स्क्रूला तेल द्यावं.

कलम चौथं. माझी लाकडी बासरी, पत्र्याच्या पाच शिट्ट्या आणि चालींच्या दोन वह्या सोनलला. शिट्टी म्हणतो ती सहा भोकांची, पितळेच्या नळीची, आठ-दहा डॉलरला मिळणारी वस्तू. आयरिश लोक तिच्यावर जे वाजवतात ते ऐकल्यावर किमतीचं हसू येतं.

हे कलम इथे संपवता आलं असतं, पण या वस्तू माझ्याकडे कशा आल्या ते सोनलला अर्धंच माहीत आहे.

सन दोन हजार एकच्या ऑक्टोबरात, एका रविवारी दुपारी, मी ग्रँड रिव्हर रस्त्यावरच्या एका आयरिश पबमध्ये सूप प्यायला शिरलो. न्यूयॉर्कचे टॉवर पडून महिना झाला होता, ते दिवस असे होते की आमच्या रंगाचा माणूस आत आला की लोक खाता खाता थांबायचे. कोपऱ्यातल्या गोल टेबलाभोवती आठ-दहा जण वाजवत बसले होते. मंच नाही, माइक नाही, कुणी टाळ्याही वाजवत नव्हतं. अशा बैठकीला ते सेशन म्हणतात. एक नर्स कामाच्या कपड्यांतच आली होती. एक मुलगी तिथेच गणितं सोडवत होती, आणि आवडती चाल आली की पेन्सिल ठेवून व्हायोलिन उचलत होती. काउंटरवरच्या एकानं मला मोठ्यानं विचारलं, "तू कुठला?" मी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात टेबलावरची एक म्हातारी, हातातलं व्हायोलिन खाली न ठेवता, म्हणाली, "तो आमच्याबरोबर आहे." आणि शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून तिनं जमिनीवर ठेवली. ही नोरा टिअर्नी. तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेली.

त्या खुर्चीवर मी पुढची सहा-सात वर्षं बसलो. पहिली शिट्टी नोरानं दिली. सोनलला व्हायोलिनही तिनंच शिकवलं.

या लोकांची एक पद्धत आहे. चाल वाजवून झाली की ती कुणाकडून घेतली ते सांगायचं. नोरा सांगायची, "ही माझ्या आत्याची, ती गाई पिळताना गुणगुणायची." टॉम सांगायचा, "ही माझ्या बापाची." मग दुसरा म्हणायचा, अरे तो बाप म्हणजे अमुक गावचा ना, तो तर तमक्याकडून शिकला. बारशाला हेच वाजवतात, वाढदिवसाला हेच, आणि माणूस गेला तर त्याच्या घरी बसूनही हेच. टॉमचे वडील वारले तेव्हा मी गेलो होतो. चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहून टॉम सगळ्यांना सांगत होता, "आमच्या भागातलं एक लग्न माझ्या बापाच्या वाजवण्याशिवाय झालं नाही." असं सांगताना त्याची मान ताठ होती. मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "तुझे वडील काय करायचे?"

मी म्हणालो, "रेल्वेत होते."

कलम पाचवं. माझे वडील दादाराव शंभरकर, ज्यांना आम्ही बाबूजी म्हणायचो, ते रेल्वेत नव्हते. ते नागपुरात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. छत्तीस वर्षं. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर टोपी.

माझे आजोबा उमरेडकडच्या एका खेड्यात डफडं वाजवायचे. गावात कुणाचं लग्न असो, मयत असो, बोलावलं की जायचं, आणि अंगणाच्या बाहेर उभं राहायचं. छप्पन साली धम्म घेतला आणि त्यांनी गावकीची सगळी कामं सोडली. डफडं चुलीत घातलं. बाबूजी तेव्हा पंचवीस वर्षांचे. ते नागपूरला आले आणि त्यांनी उधारीवर क्लॅरिनेट घेतली. वस्तीतली मोठी माणसं रागावली, ज्यातून निघालो त्यातच हा पुन्हा चालला म्हणून. बाबूजी त्यांना सांगायचे, "गावकीचं वाजवणं सोडलं, वाजवणं कायले सोडू? हे माह्या पगाराचं होय."

मी पुढे वयात आल्यावर त्या मोठ्या माणसांच्या बाजूनं बोलायचो. चळवळीची भाषा मला चांगली यायची. पण इथे शपथेवर लिहितो की माझी लाज चळवळीची नव्हती. माझी लाज वर्गातल्या मुलांची होती.

एकाहत्तर साली मी मॅट्रिकला पहिल्या वर्गात आलो. निकालाच्या आधी आठ-दहा दिवस बाबूजी पहाटे एक नवी चाल बसवत होते. भिंतीपलीकडून दोन भाग ऐकून मला पाठ झाले. निकाल लागला त्या संध्याकाळी ते बँडचा लाल कोट घालून घरासमोर रस्त्यावर उभे राहिले आणि त्यांनी ती वाजवायला घेतली. वस्ती गोळा झाली. कुणीतरी विचारलं, "दादाराव, हे कोणतं गाणं?" ते म्हणाले, "गाणं नोहे. मन्याची चाल होय. पोरगा फर्स्ट क्लास आला ना." त्याच वेळी माझ्या शाळेतले दोघे जण पेढे घेऊन गल्लीच्या तोंडाशी आले होते. मी त्यांना पाहिलं, आत गेलो आणि कडी लावली. बाबूजींनी चाल शेवटपर्यंत वाजवली. नंतर त्यांनी मला काही विचारलं नाही. जेवताना आईला म्हणाले, "पोरगा लाजते."

पंचाहत्तर साली मी इंजिनिअरिंगला होतो. वर्गमित्राच्या बहिणीच्या लग्नाला धरमपेठेत गेलो, पाहुणा म्हणून, उसना सूट घालून. वरात आली आणि बँडच्या पुढे बाबूजी. आमची नजर एक झाली. मित्र म्हणाला, "काय वाजवतो रे म्हातारा, ओळखीचा आहे का?" मी म्हणालो, "नाही." बाबूजी हाताच्या अंतरावर होते. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि वाजवत पुढे गेले. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाचवायचं म्हणून त्यांनी पाहिलं नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं.

आता या कलमाचा मुख्य भाग.

सन दोन हजार दोनच्या वसंतात नोरा मला म्हणाली, "तू आमच्या चाली घेतोस, तुझ्याकडची एक दे." मी शिट्टी उचलली आणि दुसरं काही सुचायच्या आत बोटांनी मन्याची चाल सुरू केली. त्यांच्या जिग नावाच्या नाचाच्या चालीला सहा मात्रा, आमच्या वरातीच्या चालीलाही सहाच. दुसऱ्या फेरीला टॉम शिरला, तिसऱ्या फेरीला सगळं टेबल. मी इतकं सुंदर कधी ऐकलं नव्हतं. संपल्यावर नोरानं नेहमीचा प्रश्न विचारला, "ही तुला कुणाकडून मिळाली?"

त्या दिवशी राजीव देवधर माझ्याबरोबर आला होता, समोर बसून फिश अँड चिप्स खात होता. राजीव पुण्याचा. तो आमच्या इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. मी त्याच्याकडे पाहिलं आणि नोराला सांगितलं, "कुणाकडून नाही. अशीच सुचली."

"तू केलीस?" ती म्हणाली. "ही?" आणि उठून तिनं माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं.

चालीचं नाव त्यांनी 'मनोहर्स फॅन्सी', म्हणजे मनोहरची लहर, असं ठेवलं. राजीवनं पुढच्या आठवड्यात मंडळाच्या सगळ्यांना ईमेल केला की आपला मनोहर कंपोझर आहे. दिवाळीच्या कार्यक्रमात मला वाजवायला लावलं. दोन हजार पाच साली चर्चच्या छपरासाठी सेशनवाल्यांनी सीडी काढली, तिच्यावर प्रत्येक चालीखाली ती कुणाची ते छापलं आहे. कुठे कुणाची आत्या, कुठे कुणाचा बाप. सातव्या चालीखाली छापलं आहे, रचना मनोहर शंभरकर, नोव्हाय. आता शिकागोच्या आणि क्लीव्हलंडच्या सेशनमध्येही ती वाजते, असं नोरा अभिमानानं सांगते. प्रत्येक वेळी मी खाली बघतो. लोकांना वाटतं, मी विनयशील आहे.

सन दोन हजार सहाच्या डिसेंबरात सुलेखा आणि सोनल नागपूरला गेल्या. मी सुट्टी नाही म्हणून गेलो नाही. सुट्टी होती. बाबूजींचे दात पडून वाजवणं बंद होऊन खूप वर्षं झाली होती, क्लॅरिनेट माळ्यावर पेटीत असायची. सोनलला लहानपणापासून आजोबा रेल्वेतून निवृत्त झाले एवढंच माहीत. तिनं व्हायोलिन नेलं होतं. परत आल्यावर विमानतळावरून घरी येताना गाडीत तिनं मला सांगितलं.

"बाबा, मी आजोबांना मनोहर्स फॅन्सी वाजवून दाखवली. आय टोल्ड हिम, हे बाबांनी कंपोझ केलंय."

मी गाडी चालवत राहिलो. मागच्या सीटवर सुलेखानं पर्स उघडून पुन्हा बंद केली.

"राकेशकाका काहीतरी बोलायला लागला, बट आजोबांनी असा हात केला, की थांब. मग डोळे बंद करून ऐकलं. अँड देन, बाबा, धिस वॉज सो कूल, माझा सेकंड पार्ट संपला अँड ही जस्ट केप्ट गोइंग. गुणगुणत. तुम्ही कधी सांगितलं नाही की थर्ड पार्ट आहे?"

"काय म्हणाले ते?"

"म्हणाले, हे मन्याचीच चाल होय. ही वॉज सो प्राउड. मी विचारलं, तुम्हाला म्युझिक कसं येतं, रेल्वेत शिकलात का? तर हसले आणि म्हणाले, हो ना बेटा, गाडीत लई वेळ भेटे."

सोनलनं ते तिच्या छोट्या रेकॉर्डरवर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून मी ऐकलं. आधी व्हायोलिन. मग खोकला. मग बाबूजींचा बिनदाताचा आवाज, तिसरा भाग गुणगुणणारा. तो मला येत नव्हता. तो त्यांनी पहिल्यांदा रस्त्यावरच वाजवला होता, आणि मी तोवर आत कान झाकून बसलो होतो. त्या दिवशी मी ऑफिसात वर गेलोच नाही.

फोन करायला हवा होता. सात आठवडे मी रोज उद्यावर टाकला. नऊ फेब्रुवारी दोन हजार सातला बाबूजी वारले. मी पोहोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

म्हणून या कलमाद्वारे मी असं लिहून देतो की 'मनोहर्स फॅन्सी' या नावानं वाजवली जाणारी चाल माझी नाही. ती दादाराव शंभरकर, क्लॅरिनेटवादक, नागपूर, यांनी एकोणीसशे एकाहत्तर साली केली. तिला दोन नाही, तीन भाग आहेत. माझ्या मृत्यूनंतर नोरा टिअर्नी यांनी रविवारच्या सेशनमध्ये हे सर्वांना सांगावं, शिकागो आणि क्लीव्हलंडला कळवावं, आणि सीडी पुन्हा काढली तर नाव बदलून छापावं.

कलम सहावं. माझा धाकटा भाऊ राकेश याला काही ठेवलेलं नाही. माझं काही घेणार नाही असं त्यानं सांगितलं आहे. बाबूजी गेल्यावर मी त्याच्याकडे क्लॅरिनेट मागितली. तो म्हणाला, "तुले कायले पाहिजे? रेल्वेत क्लॅरिनेट वाजवतात का?" मग म्हणाला, "पोरीसमोर बाबूजीनं तुही इज्जत ठेवली. मी असतो तर ठेवली नसती." मी त्याच्यावर वर्षभर रागावलो होतो. तो राग मी मागे घेतो. क्लॅरिनेट त्याच्याकडेच योग्य आहे.

कलम सातवं. माझे अंत्यविधी बौद्ध पद्धतीनं, साधे करावेत. सुलेखानं एकोणीस वर्षं माझ्यासाठी खोटं सांभाळलं. मंडळात कुणी सासऱ्यांबद्दल विचारलं की ती स्वयंपाकघरात जायची. एकदाच म्हणाली होती, "तुम्ही त्यांना रेल्वेत लावलंत, आता मला डबा कुठला ते तरी सांगा." मी हसलो होतो, ती हसली नव्हती. तिची माफी मी तोंडानं मागू शकलो नाही, ती इथे मागतो.

कलम आठवं. राजीव देवधर यांच्याविषयी एक जुनी तक्रार. पंच्याण्णव साली नववर्षाच्या पार्टीत तू लग्नातल्या बँडवाल्यांची नक्कल केली होतीस, गाल फुगवून, टोपी तिरकी करून. सगळे खूप हसले. मी सगळ्यांत जास्त हसलो. ती तक्रार मी तेरा वर्षं तुझ्या नावावर ठेवली आणि तुला कधी सांगितली नाही. आता ती घे, आणि तुला ठीक वाटेल ते तिचं कर.

वरील मजकूर मी दोन मार्च दोन हजार आठ रोजी लिहून पूर्ण केला.

पुरवणी. साक्षीदारांच्या सह्या घेताना जे घडलं त्यामुळे पाचव्या कलमात बदल करावा लागत आहे.

साक्षीदार म्हणून मी राजीव आणि नोरा यांना विचारलं होतं. ज्याला काही मिळणार आहे त्यानं साक्षीदार होऊ नये असं वकील म्हणाले, म्हणून या कागदात दोघांनाही काही दिलेलं नाही. राजीव शनिवारी आमच्या घरी आला, स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसला आणि चष्मा लावून वाचू लागला. मी त्याला फक्त शेवटचं पान दाखवणार होतो. पण तो पहिल्यापासून वाचत गेला. सुलेखानं चहा ठेवला, तो निवला.

"आपल्या ओळखीची पंधरा वर्षं, आणि रेल्वे, मनोहर?" तो म्हणाला.

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो.

"मला कळलं असतं तर मी काय केलं असतं असं वाटलं तुला?"

"आठवं कलम वाच."

त्यानं वाचलं. त्याचा चेहरा उतरला. "मला हे आठवतही नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "हे तर जास्तच वाईट, नाही का?" त्यानं सही केली आणि पेन टोपण न लावताच टेबलावर ठेवलं. दारापर्यंत गेला आणि परत येऊन सुलेखाला म्हणाला, "वहिनी, सॉरी." सुलेखा म्हणाली, "बसा, चहा गरम करते."

नोराकडे मी दुसऱ्या दिवशी, रविवारी, सेशनच्या एक तास आधी गेलो. मजकूर मराठीत आहे, सही फक्त मी केली एवढ्याचीच साक्ष द्यायची आहे, असं सांगितलं. ती म्हणाली, "मी वाचल्याशिवाय कशावर सही करत नाही. वाचून दाखव." मी तिच्या दिवाणखान्यात बसून वाक्यामागून वाक्य इंग्रजी करत गेलो. पाचव्या कलमाच्या शेवटाला पोहोचलो तेव्हा ती खिडकीकडे पाहत होती.

"म्हणजे हे मी सांगायचं? तू मेल्यावर?"

"हो."

"का? तोवर तुझ्या बापानं थांबायचं?" तिनं कोट घातला. "मी सही करीन. पण सांगायचं तू. आज."

सोनल ॲन आर्बरहून थेट पबमध्ये आली होती. मला तिला आधी एकटीला सांगायचं होतं. मी तिला हाक मारली, ती म्हणाली, "नंतर, बाबा, ट्यूनिंग करतेय." तेवढ्यात नोरानं टेबलावर हात आपटला आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी सांगितलं. बापाचं नाव, वाद्य, गाव, साल. बँडचा लाल कोट. रेल्वे खोटी होती. चाल त्यांनी माझ्यासाठी केली होती आणि मी ती स्वतःच्या नावावर घेतली. हे सगळं सांगायला जेमतेम तीन मिनिटं लागली.

छप्पर कोसळलं नाही. टॉम एवढंच म्हणाला, "लग्नात वाजवायचे? मग माझ्या बापाशी त्यांचं जमलं असतं." तो चांगुलपणानं म्हणाला, पण मला ते ऐकवेना. सोनलनं गज खाली ठेवला होता. ती उठून बाहेर गेली. मला तिच्यामागे जावंसं वाटलं, पण नोरानं विचारलं, "तिसरा भाग?" आणि मला तो वाजवावा लागला. दोनदा चुकलो. मग टेबलानं तो उचलला. चालीचं नाव आता 'दादाराव शंभरकर्स' आहे. टॉमनं ते उच्चारायचा सराव केला, नर्सनं माझ्याकडून स्पेलिंग घेऊन वहीत लिहिलं.

सबब पाचव्या कलमातलं सांगण्याचं काम नोरा टिअर्नी यांनी करण्याची गरज उरलेली नाही. सीडीचं तेवढं बाकी आहे.

सोनल माझ्या गाडीत बसून होती. आम्ही निघालो, नोव्हायची पाटी आली. मग म्हणाली, "ही न्यू इट. आजोबांना माहीत होतं. मी त्यांच्याच समोर त्यांचीच ट्यून वाजवत होते आणि ते तुम्हाला कव्हर करत होते."

"हो."

"माझ्यासमोर."

"हो."

पुढच्या सिग्नलला तिनं विचारलं, "वॉज ही गुड? आजोबा चांगलं वाजवायचे?"

छत्तीस वर्षं ते वाजवत होते, त्यांतली वीस वर्षं मी त्याच घरात राहत होतो, आणि समोर बसून, शेवटपर्यंत, मी त्यांना एकदाही ऐकलेलं नाही. हे मी तिला तसंच सांगितलं. मग तिनं राकेशचा नंबर मागितला.

आज सकाळी ती त्याच्याशी तासभर बोलली. काय बोलली ते तिनं मला सांगितलेलं नाही, आणि विचारायचा हक्क मला आहे असं मला वाटत नाही.

पुरवणीसह वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि तो खरा आहे म्हणून साक्षीदारांना आज पुन्हा बोलावून सही करतो.

मनोहर दादाराव शंभरकर

आमच्या समक्ष सही केली :

१. राजीव देवधर, नोव्हाय. सगळं वाचलं, पुरवणीही.

२. नोरा टिअर्नी, लिव्होनिया. वाचून दाखवलेलं ऐकलं.

स्थळ : नोव्हाय, मिशिगन
दिनांक : १० मार्च २००८